किल्ली फिरवली, पण मोटार सुरू होईना!

सकाळी साडेसात-आठच्या सुमारास एखाद्या गल्लीत किंवा सोसायटीच्या आवारात दिसणारे हे दृश्य तुमच्या परिचयाचे असेल. एक मोटार उभी आहे, तिचे बॉनेट उघडे आहे आणि भोवती चार माणसे जमली आहेत. एक म्हणतो, "बॅटरी गेली." दुसरा म्हणतो, "छे हो, स्टार्टर अडकलाय. हातोडीने दोन ठोके घाला." तिसऱ्याला पेट्रोलमध्ये पाणी आल्याची शंका आहे. चौथा फारसे बोलत नाही. तो बाह्या सरसावून मोटारीच्या मागे जाऊन उभा राहतो. आणि मोटारीचा मालक पुन्हा पुन्हा किल्ली फिरवीत आहे, जणू काही पंचविसाव्या वेळी तिला त्याची दया येणार आहे!

या चौघांपैकी एखाद्याचा अंदाज खराही ठरेल. पण तो कशावरून खरा, असे विचारले तर त्याला सांगता येणार नाही. अशा अंदाजावर विसंबून एकामागून एक भाग बदलत गेले की खिशातून काही हजार रुपये जातात आणि कधी कधी बिघाड होता तिथेच राहतो. तुम्हाला वयाची अठरा वर्षे पुरी होईपर्यंत मोटार चालवायची नाही हे खरे. पण त्या घोळक्यातला पाचवा माणूस होऊन ऐकायला, पाहायला आणि मोजायला काहीच हरकत नाही. त्यासाठी लागणारे बहुतेक सारे विज्ञान तुमच्या शालेय पुस्तकातच आहे.

पहिला फेरा कोण फिरवणार?

विजेचा पंखा बटण दाबताच फिरू लागतो. एंजिनाचे तसे नाही. त्याला नुसते पेट्रोल पाजून ते फिरत नाही. हवा आत ओढणे, ती दाबणे, पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे, अशा दट्ट्याच्या चार धावा असतात. त्यांपैकी शक्ती मिळते ती एकाच धावेत. बाकीच्या तीन धावांसाठी शक्ती खर्च करावी लागते. एंजिन चालू असताना जड गतिपालक चक्रात साठलेली ऊर्जा ही उसनवारी भागवते. पण अगदी सुरुवातीला हे चक्र दुसऱ्या कोणीतरी फिरवून द्यावे लागते.

पूर्वी हे काम माणूस करी. जुन्या अँबॅसडर मोटारीला किंवा जीपला पुढून लोखंडी हँडल घालून फिरवणारी माणसे तुमच्या आजोबांनी नक्की पाहिली असतील. एंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडण्याचा धोका असे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला 'सेल्फ' म्हणतात तो हाच. ही एक लहान पण दणकट विजेची मोटर असते. तिच्या टोकाचे छोटे दातेरी चाक गतिपालक चक्राच्या दात्यांत अडकते आणि एंजिनाला फिरवते. एंजिन पेटले की ते चाक बाजूला सरते.

आता मुख्य मुद्दा. स्टार्टरच्या जोडणीत दोन मंडले असतात, एक लहान आणि एक मोठे. किल्ली फिरवल्यावर लहान मंडलातून थोडासा प्रवाह सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे आणि त्याच्या आत सरकणारी लोखंडी कांडी. ही कांडी खेचली गेली की ती दातेरी चाक पुढे ढकलते आणि त्याच वेळी तांब्याचे दोन जाड संपर्क जोडते. मग मोठ्या मंडलातून बॅटरीचा प्रवाह थेट स्टार्टरमध्ये शिरतो. लहान मोटारीतही हा प्रवाह शंभर ते दोनशे अँपिअर असतो. तुमच्या घरातली एक हजार वॉटची इस्त्री चार-साडेचार अँपिअर घेते, हे लक्षात घेतले म्हणजे बॅटरीला जोडलेल्या केबली करंगळीएवढ्या जाड का असतात ते कळेल.

आधी कान लावा

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येते, यावरून निम्मे निदान होते. काहीच आवाज नाही. 'टक्-टक्-टक्-टक्' असा भराभर आवाज. एकच मोठा 'टक्'. एंजिन रडत-कुढत फिरते. किंवा एंजिन चांगले जोरात फिरते पण पेट घेत नाही. या पाच गोष्टी अगदी निराळ्या आहेत. 'मोटार सुरू होत नाही' या एका वाक्यात त्या सगळ्या कोंबल्या की घोटाळा होतो. डॉक्टरकडे जाऊन 'बरे वाटत नाही' एवढेच सांगण्यासारखे ते आहे.

यातला 'टक्-टक्-टक्' मला फार आवडतो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. पुस्तकातली विजेची घंटा आठवा. विद्युत्-चुंबक पट्टी ओढतो, पट्टी ओढली की मंडल तुटते, मंडल तुटले की चुंबकत्व जाते, पट्टी परत येते आणि पुन्हा मंडल जुळते. इथेही जवळजवळ तेच घडते. दुबळ्या बॅटरीत सोलेनॉइडची कांडी खेचण्यापुरती ताकद असते. कांडी खेचली जाते, मोठे मंडल जुळते, स्टार्टर एकदम प्रचंड प्रवाह मागतो आणि बॅटरीचे विभवांतर धाडकन खाली येते. इतके की कांडी धरून ठेवण्याइतकेही चुंबकत्व उरत नाही. कांडी सुटते, मोठे मंडल तुटते, बॅटरी सावरते आणि कांडी पुन्हा खेचली जाते. तेव्हा हा आवाज ऐकलात की समजावे, मोटारीने स्वतःच विजेची घंटा बनवून आपल्याला दुखणे सांगितले आहे.

आता दिव्यांची साक्ष काढा. एकाने समोरचे दिवे लावून भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे पाहावे आणि जाणत्या माणसाने किल्ली फिरवावी. मोटार न्यूट्रलमध्ये आहे आणि हँडब्रेक ओढलेला आहे, हे आधी दोनदा पाहावे. दिवे मुळीच लागत नसतील तर बॅटरी पार उतरली आहे किंवा तिची मुख्य जोडणी सुटली आहे. दिवे चांगले लागतात पण किल्ली फिरवताच विझल्यासारखे होतात, तर बहुधा बॅटरी दुबळी आहे. क्वचित स्टार्टर जाम होऊन भलताच प्रवाह खात असतो. दिवे तेजस्वी राहतात आणि आवाजही नाही, तर मोठ्या मंडलाला हाक पोचलेलीच नाही. अशा वेळी बॅटरी बदलणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी होय. क्लच दाबल्याशिवाय किंवा स्वयंचलित गिअरचा दांडा 'पी' अथवा 'एन' वर असल्याशिवाय अलीकडच्या बऱ्याच मोटारींत स्टार्टरला वीजच जात नाही. बिघाड समजून मिस्त्रीला बोलावल्यावर नुसता क्लच नीट दाबून मोटार सुरू झाल्याची उदाहरणे कमी नाहीत!

एक सावधगिरी सांगतो. एल.ई.डी. दिव्यांतील मंडल विभवांतर बरेच उतरले तरी उजेड कायम राखते, आणि काही मोटारींत किल्ली फिरवताना समोरचे दिवे आपोआप बंद होतात. अशा मोटारींत छतातला साधा बल्ब असेल तर त्याची साक्ष अधिक खरी.

घड्याळातला सेल आणि टॉर्चमधला सेल

इथे एक शंका तुमच्या मनात यायला हवी. दिवे जर लख्ख लागतात, तर बॅटरी दुबळी कशी?

उत्तर तुमच्या घरातच आहे. टॉर्च मंद झाला की आई त्यातले सेल फेकून देत नाही. ते भिंतीवरच्या घड्याळात घालते आणि घड्याळ त्यावर पुढे कितीतरी दिवस चालते. टॉर्चसाठी मेलेला सेल घड्याळासाठी जिवंत कसा? कारण घड्याळाला अगदी सूक्ष्म प्रवाह पुरतो, टॉर्चच्या बल्बला त्याच्या कितीतरी पट लागतो, आणि जुना झालेला सेल जास्त प्रवाह देऊ शकत नाही. प्रत्येक घटाला स्वतःचा असा रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. प्रवाह बाहेर येण्यापूर्वीच विभवांतराचा काही भाग या रोधात खर्ची पडतो. प्रवाह जितका मोठा तितकी ही गळती मोठी.

आता मोटारीचा हिशेब करू. बॅटरीचे विद्युत्-चालक बल १२.६ व्होल्ट आणि स्टार्टरचा रोध ०.०६ ओहम धरू. (फिरत्या मोटरमध्ये उलटे विद्युत्-चालक बलही निर्माण होते, हिशेब सोपा राहावा म्हणून ते इथे सोडून दिले आहे.) धडधाकट बॅटरीचा अंतर्गत रोध समजा ०.०१ ओहम. एकूण रोध ०.०७ ओहम; म्हणून प्रवाह १८० अँपिअर. स्टार्टरच्या वाट्याला १०.८ व्होल्ट येतात आणि शक्ती मिळते सुमारे १९४० वॉट. आता तीच बॅटरी जुनी होऊन तिचा अंतर्गत रोध ०.१ ओहम झाला आहे असे माना. एकूण रोध ०.१६ ओहम, प्रवाह सुमारे ७९ अँपिअर, स्टार्टरच्या वाट्याला अवघे ४.७ व्होल्ट, आणि शक्ती सुमारे ३७० वॉट! एक पंचमांशही नाही. बाकीची ऊर्जा बॅटरीच्या पोटातच उष्णता होऊन गेली.

याच जुन्या बॅटरीवर ५५ वॉटचा एक दिवा लावला तर? तो साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. अंतर्गत रोधात अर्धा व्होल्टसुद्धा जात नाही. दिवा मजेत जळतो आणि बघणारा म्हणतो, "बॅटरी तर ठणठणीत आहे!"

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी पोटेन्शिओमीटरने घटाचा अंतर्गत रोध काढतात, वहीत तीन दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहितात आणि गुण मिळवतात. या संख्येचे करायचे काय, असे मी तोंडी परीक्षेत विचारले की बहुतेकांची पंचाईत होते. शिक्षकांना माझे सुचवणे आहे की, हा धडा घड्याळातल्या सेलपासून सुरू करावा आणि मोटारीच्या बॉनेटखाली संपवावा.

यातून एक नियम निघतो. बॅटरीची परीक्षा ती काम करत असताना घ्यावी. रात्रभर उभ्या असलेल्या मोटारीच्या बॅटरीवर व्होल्टमीटर लावला तर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी, असे म्हणता येते. पण ही झाली विश्रांतीतली नाडी. किल्ली फिरवत असताना काटा किंवा आकडा १० च्या आसपास किंवा वर राहिला तर बॅटरी दमदार. साडेनऊच्या खाली घसरला तर ती उतरलेली आहे, म्हातारी झालेली आहे किंवा स्टार्टर फाजील प्रवाह खातो आहे. आणि एंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. तसे दिसले नाहीत तर अल्टरनेटर बॅटरीला भरतच नाही. मग नवी बॅटरीही काही दिवसांतच उतरणार.

सात व्होल्ट गेले कुठे?

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका सहकाऱ्याची मोटार अशीच रुसली. किल्ली फिरवली की एंजिन कण्हत अर्धा फेरा घेई आणि थांबे. एका गॅरेजने बॅटरी बदलून दिली. आठवडाभर बरे गेले आणि पुन्हा तेच. आता स्टार्टर बदलावा लागेल, असा निरोप आला. त्या संध्याकाळी आम्ही मल्टिमीटर घेऊन मोटारीपाशी गेलो.

किल्ली फिरवत असताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर जवळजवळ १२ व्होल्ट दिसत होते. म्हणजे बॅटरी निर्दोष होती. उलट, ती फारसा प्रवाह देतच नव्हती म्हणून तिचे विभवांतर इतके टिकून होते. मग मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी एंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवली. या दोन जागा जाड वाहकाने जोडलेल्या असतात; त्यांच्यात विभवांतर जवळजवळ शून्य हवे. आकडा आला सात! बारांपैकी सात व्होल्ट वाटेतच हरवत होते. एंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी विणलेली पट्टी, जिला गॅरेजमध्ये अर्थिंगची पट्टी म्हणतात, तिच्या बोल्टाखाली गंज साचला होता. गंमत म्हणजे क्लचची तार हाताला गरम लागत होती. नेहमीचा रस्ता बंद झाल्यामुळे काही प्रवाह त्या बिचाऱ्या तारेतून परत जात होता. बोल्ट काढून काचकागदाने घासला, पट्टी नवी बसवली. जुना स्टार्टर अजून चालतो आहे.

इथे एक प्रश्न येईल. गंजाचा रोध मल्टिमीटरच्या ओहम बाजूवर सरळ का मोजला नाही? कारण तो रोध ०.१ ओहमच्या आसपास असणार. साध्या मल्टिमीटरच्या तारांचाच रोध त्याहून जास्त असतो. पण त्याच लहानशा रोधातून मोठा प्रवाह जाऊ लागला की पडणारे विभवांतर ठळक दिसते. म्हणून या कामात रोध मोजू नये, प्रवाह वाहताना पडणारे विभवांतर मोजावे. बॅटरीच्या खुंटीवर एक तार आणि तिच्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर दुसरी तार ठेवून हीच परीक्षा घेता येते. तिथे अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी खुंटीवरची पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साफ करावी. ती गंधकाम्लाच्या संसर्गाने झालेली असते, तेव्हा हातमोजे हवेत. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती निघते. सैल क्लॅम्प हाताने हलत असेल तर मल्टिमीटरचीही गरज नाही.

बॅटरी उतरते कशी?

शिशाची संचायक बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. आजही तिचा गाभा तोच आहे: शिशाची पट्टी, शिसे डायऑक्साइडची पट्टी आणि मध्ये विरल गंधकाम्ल. एका घटाचे सुमारे २.१ व्होल्ट, असे सहा घट. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल पाणचट होत जाते. म्हणून हायड्रोमीटरने आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहून बॅटरी किती भरली आहे ते सांगता येते. भरलेली असताना ते १.२६ ते १.२८ असते.

जाता जाता एक नवलाची गोष्ट. शिशाच्या अणूत ८२ प्रोटॉन असल्यामुळे त्याचे अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, आणि तिथे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद विचारात घ्यावा लागतो. २०११ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात काही शास्त्रज्ञांनी गणित करून दाखवले की घटाच्या २.१ व्होल्टपैकी सुमारे १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतावादी परिणामांमुळे मिळतात. म्हणजे सापेक्षतावाद नसता तर कुठलीच मोटार या बॅटरीवर सुरू झाली नसती!

लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली तर समोरचे दोन दिवे विसरून चालू ठेवल्यास ती चारेक तासांत संपेल. छतातला पाच वॉटचा बल्ब तिला तीन-साडेतीन दिवस पुरवेल. मोटार नुसती उभी असली तरी चोरीप्रतिबंधक यंत्रणा, घड्याळ वगैरे थोडा प्रवाह घेतच असतात. तो ०.०३ अँपिअर असेल तर हिशेबाने ४८ दिवस होतात. पण बॅटरी निम्मी झाली की ती एंजिन फिरवायला कुरकुरू लागते, म्हणजे तीन-साडेतीन आठवडेच. २०२० सालच्या टाळेबंदीत महिना-दीड महिना उभ्या राहिलेल्या कितीतरी मोटारी सुरू होईनात, त्याचे कारण हेच. उतरलेल्या स्थितीत बॅटरी तशीच ठेवली तर सल्फेटाचे बारीक कण मोठे आणि कठीण स्फटिक बनतात आणि पुढे ते पुन्हा विरघळत नाहीत. मग ती भरूनही उपयोग होत नाही. उष्णतेनेही पट्ट्या लवकर झिजतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात बॉनेटखाली भाजून निघालेली बॅटरी पुढच्या थंडीत पहाटे दगा देते आणि दोष मिळतो थंडीला.

दुसऱ्या मोटारीची मदत

उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या मोटारीची बॅटरी जोडून एंजिन सुरू करता येते. हे काम मोठ्यांचे आहे. पण त्याचा क्रम तुम्ही पाठ करून ठेवा, कारण मोठेच तो बहुधा चुकवतात. लाल केबल प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन खुंटीला, मग चांगल्या बॅटरीच्या धन खुंटीला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण खुंटीला, आणि तिचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला नव्हे, तर त्या मोटारीच्या एंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. का? शेवटची जोडणी करताना मंडल पूर्ण होते आणि ठिणगी उडते. बॅटरी भरली जात असताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो, आणि हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्के झाले की ते मिश्रण स्फोटक होते. बॅटरी फुटली तर गंधकाम्ल थेट डोळ्यांत जाते. म्हणून ठिणगी बॅटरीजवळ उडू द्यायची नाही. म्हणूनच बॅटरीत पाणी किती आहे ते पाहायला काडी ओढणाऱ्या माणसाचा हात धरा! ट्रकची २४ व्होल्टची जोडणी मोटारीला कधीही लावू नये.

आता त्या बाह्या सरसावलेल्या चौथ्या गृहस्थांकडे वळू. ७०० किलोग्रॅम वस्तुमानाची मोटार तिघांनी ढकलून ताशी १० किलोमीटर वेगाने नेली, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे २,७०० ज्यूल होते. एक किलोवॉटचा स्टार्टर अडीच-तीन सेकंदांत एवढेच कार्य करतो. म्हणजे गृहस्थांचे गणित चुकलेले नाही. मात्र धक्क्याने फक्त स्टार्टरचे काम होते. ठिणगीला, इंधनाच्या पंपाला आणि आताच्या मोटारीतल्या संगणकाला वीज लागतेच. बॅटरी पार मेलेली असेल तर कितीही ढकला, व्यर्थ. स्वयंचलित गिअरच्या मोटारी धक्क्याने सुरू होत नाहीत. आणि चढावर किंवा रहदारीत हा उद्योग करूच नये.

फिरते, पण पेटत नाही

एंजिन जोरात फिरत असेल तर बॅटरी आणि स्टार्टर यांना सोडून द्या. आता हवे आहेत हवा, इंधन, ठिणगी आणि पुरेसा दाब. इंधनाचा काटा आधी पाहावा. हे सांगायला संकोच वाटतो, पण पाहावाच. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत किल्ली 'ऑन' केल्यावर मागच्या बाजूने पंपाचा एक-दोन सेकंद 'गुंऽऽ' असा आवाज येतो. तो नसेल तर पंप किंवा त्याचा फ्यूज तपासावा. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर इंधन पोचते आहे. ठिणगी नसावी किंवा प्लग ओले झाले असावेत. किल्लीचे चित्र असलेला लहान दिवा लुकलुकत असेल तर मोटारीने किल्लीच ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी.

जुने मिस्त्री प्लग काढून एंजिनाला टेकवत आणि ठिणगी डोळ्यांनी पाहत. तुम्ही हे करू नका. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये प्रवर्तनाने वीस हजारांहून अधिक होतात, आसपास पेट्रोलची वाफ असते, आणि नव्या मोटारीतील इलेक्ट्रॉनिक भागही त्याने बिघडू शकतात. त्याऐवजी मोटारीच्या संगणकाला जोडायचे लहान वाचक यंत्र आता गॅरेजमध्ये असते. ते बिघाडाचा सांकेतिक क्रमांक दाखवते. पण क्रमांक म्हणजे निदान नव्हे. एखाद्या संवेदकाचा क्रमांक आला म्हणजे तो संवेदकच बिघडला असे नाही. त्याची तार उंदराने कुरतडली असेल, तरीही तोच क्रमांक येईल.

डिझेल एंजिनाला ठिणगी लागत नाही. तिथे हवा सुमारे वीसपट दाबली जाते आणि ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. पण ही हवा झपाट्याने दाबली गेली पाहिजे. सावकाश दाबली तर उष्णता सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते. त्यामुळे दुबळ्या बॅटरीवर डिझेल एंजिन फिरत राहते, पण पेटत नाही, आणि दोष डिझेलला दिला जातो.

घरी करून पाहा

मोटार नसली तरी अंतर्गत रोध तुम्हाला मोजता येईल. साधा मल्टिमीटर, १० ओहमचा अर्ध्या वॉटचा रोधक आणि दीड व्होल्टचे दोन सेल, एक नवा आणि एक टॉर्चमधून निवृत्त झालेला, एवढेच साहित्य हवे. प्रथम सेलचे मोकळे विभवांतर मोजा. मग सेलच्या दोन टोकांना रोधक जोडून लगेच पुन्हा मोजा. दोहोंतील फरकाला दुसऱ्या वाचनाने भागा आणि १० ने गुणा. तो अंतर्गत रोध. नव्या सेलचे आकडे समजा १.५८ आणि १.५३ आले, तर रोध सुमारे ०.३३ ओहम. जुन्याचे १.३० आणि ०.९० आले, तर ४.४ ओहम. तारेने सेलची दोन टोके सरळ जोडू नका, आणि मोबाइलच्या किंवा मोटारीच्या बॅटरीवर हा प्रयोग मुळीच करू नका. जुना सेल तासभर फ्रिजमध्ये ठेवून, कोरडा पुसून, पुन्हा मोजा. आणि तुमचे आकडे त्या दिवशीच्या खोलीच्या तापमानासह वहीत लिहून ठेवा.